आमच्या मुलाला नेमके झाले आहे तरी काय?

पत्र

सप्रेम नमस्कार.

आम्ही मुलुंडला राहतो. पाच वर्षांपूर्वी ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या रीतसर प्रक्रियेने ओडिशातील एका संस्थेतून आम्ही मुलगा दत्तक घेतला. तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. आता साडेआठ वर्षांचा असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकतो. आपण दत्तक आलो आहोत हे त्याला माहीत आहे. गेली दोन वर्षे त्याच्या वागण्याने आम्ही हवालदिल झालो आहोत. वर्गात तो एका जागी बसत नाही, मुलांना मारतो, वस्तू फेकतो. घरी पोळ्या आणि बिस्किटे उशीखाली लपवून ठेवतो आणि विचारले की शांतपणे खोटे बोलतो. सोसायटीत आलेल्या कोणाही अनोळखी माणसाचा हात धरून चालू लागतो. रागावले की रडत नाही. नजर कोरी होते, जणू त्याला ऐकूच येत नाही. रात्री वाईट स्वप्न पडले की मात्र माझ्याच कुशीत येऊन झोपतो. शाळेच्या समुपदेशक म्हणतात, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार आहे. एका मानसोपचारतज्ज्ञांनी पंधरा मिनिटांत तेच सांगून गोळी लिहून दिली, ती आम्ही अजून सुरू केलेली नाही. एका थेरपिस्टनी ऑटिझमची (स्वमग्नतेची) शंका काढली. इंटरनेटवर वाचून मला स्वतःला ‘रिॲक्टिव्ह अटॅचमेंट डिसऑर्डर’ हा जिव्हाळ्याचे नाते जुळण्यातला विकार असावा असे वाटते. मुलगा दत्तक असल्याचे आम्ही यांपैकी कोणालाही सांगितलेले नाही, कारण मग सगळे खापर त्यावरच फुटेल अशी यजमानांना भीती वाटते. सासूबाई म्हणतात, कोणाचे रक्त कोण जाणे. शाळेने आता दाखला काढून नेण्याचे सुचवले आहे. आमच्या मुलाला नेमके झाले आहे तरी काय, आणि हे खात्रीने कोण सांगेल?

— एक आई, मुलुंड

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. मुलगा दत्तक आहे हे तुम्ही एकाही तज्ज्ञाला सांगितलेले नाही. म्हणजे ज्यांनी आजवर मत दिले, त्यांनी त्याच्या आयुष्याची पहिली साडेतीन वर्षे विचारातच घेतलेली नाहीत. लहान मुलाच्या वागण्याचे निदान रक्ताच्या तपासणीने किंवा मेंदूच्या फोटोने होत नाही. ते मुख्यतः इतिहासावर होते, आणि त्यातही भाषा, नाती, झोप, भूक आणि भीती यांची पायाभरणी ज्या काळात होते, त्या पहिल्या तीन वर्षांच्या इतिहासावर. तो भाग गाळून दिलेले कोणतेही नाव बरोबर निघाले तरी तो योगायोग ठरेल. म्हणून तुम्ही लिहिलेल्या तीन नावांपैकी कोणते खरे, हे मी इथे बसून सांगू शकत नाही आणि सांगणे योग्यही होणार नाही. ते कसे शोधावे आणि कोणाकडे शोधावे, एवढे मात्र सविस्तर लिहिते.

यजमानांची भीती अनाठायी नाही, हे आधी मान्य करते. मूल दत्तक आहे असे कळताच पुढचे काहीही न तपासता ‘त्यामुळेच असेल’ असे म्हणणारे लोक असतात, आणि त्यांत कधीकधी तज्ज्ञही असतात. एखाद्या दत्तक मुलाला खराखुरा एडीएचडी असतो, वाचनाची अडचण असते किंवा एका कानाने कमी ऐकू येत असते, आणि सगळे वर्षानुवर्षे त्याच्या भूतकाळाकडे बोट दाखवत राहतात. हीही चूकच आहे. पण त्यावरचा उपाय माहिती दडवणे हा नाही. पूर्ण माहिती देऊन दोन्ही बाजू तपासून घेण्याचा आग्रह धरणे, हा आहे. मुलाविषयी डॉक्टरांना सांगितलेली माहिती गोपनीय राहते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे आणि उपचाराची कागदपत्रे मागण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिला आहे. शाळेला दत्तकाविषयी सांगायचे की नाही हा वेगळा निर्णय आहे आणि तो तुम्ही सावकाश घ्या. डॉक्टरांना सांगणे मात्र टाळू नका.

आता इतिहास जमवण्याविषयी. ‘कारा’च्या प्रक्रियेत मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल तुम्हांला मिळालेले असतील. ती फाईल पुन्हा काढा आणि या वेळी वेगळ्या नजरेने वाचा. तो संस्थेत कितव्या महिन्यात आला, आला तेव्हा त्याचे वजन आणि डोक्याचा घेर किती होता, त्याआधी तो कुठे होता, रुग्णालयात दाखल झाला होता का, चालायला आणि बोलायला कधी लागला, हे शोधा. जे सापडणार नाही ते संस्थेला लेखी विचारा. मुलांना सांभाळणाऱ्या एका मावशीकडे साधारण किती मुले असत, मावश्या वारंवार बदलत का, याला एका संस्थेतून दुसरीकडे हलवले होते का, कान फुटणे किंवा झटके येणे असे काही झाले होते का, असे साधे प्रश्न विचारा. संस्था दाद देत नसेल तर तेथील जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत विचारणा करता येते. जन्मदात्यांची ओळख गोपनीय असते आणि निदानासाठी तुम्हांला ती लागणारही नाही. मुलाच्या आरोग्याची आणि संगोपनाची माहिती लागेल, आणि ती मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

याच फाईलमध्ये एक गोष्ट आवर्जून पाहा, ती म्हणजे जन्मतारीख. सोडून दिलेल्या किंवा सापडलेल्या मुलांची जन्मतारीख बहुधा अंदाजाने ठरवलेली असते. यात एका वर्षाचा फरक पडला तरी निदानावर परिणाम होतो. आपल्याकडे बुद्धिमापनासाठी बिने-कामत चाचणी पुष्कळ ठिकाणी वापरतात. तिच्यात मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणतात. समजा, तुमच्या मुलाचे मानसिक वय साडेसात आले आणि प्रत्यक्ष वय साडेआठ धरले, तर बुद्ध्यंक ८८ निघेल. तोच मुलगा वास्तवात साडेसातचा असेल तर १०० निघेल. शिवाय वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलांना एडीएचडीचे निदान तुलनेने अधिक वेळा मिळते, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. तिसरीच्या वर्गात बसलेला मुलगा मुळात दुसरीच्या वयाचा असेल, तर त्याच्या चुळबुळीचा अर्थ थोडा वेगळा लावावा लागेल. जन्मतारीख अंदाजाने ठरवलेली असल्यास ते तपासणाऱ्याला सांगा आणि अहवालात तशी नोंद करायला लावा.

भाषेचेही तसेच आहे. साडेतीन वर्षांपर्यंत त्याच्या कानावर उडिया असेल. मग ती एकाएकी थांबली, घरी मराठी आली आणि लगोलग शाळेत इंग्रजी. अशी मुले वर्ष-दीड वर्षात रोजच्या व्यवहारात इतकी सराईतपणे बोलू लागतात की भाषेचा प्रश्न संपला असे सगळ्यांना वाटते. पण पाठ्यपुस्तकाची भाषा, लांबलचक सूचना, कारण आणि परिणाम सांगणारी वाक्ये यांत ती मागे राहू शकतात, आणि ज्याला अर्धी सूचना कळली नाही तो मुलगा बाकावर स्थिर बसत नाही. म्हणून चाचण्या त्याच्या सध्याच्या सर्वांत पक्क्या भाषेत, म्हणजे बहुधा मराठीत, व्हायला हव्यात.

मनाच्या तपासणीआधी शरीराची तपासणी करून घ्या. ती सोपी आहे आणि लोक तीच विसरतात. कानांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, कराच. संस्थेत राहिलेल्या मुलांमध्ये कानाचे जुने संसर्ग आढळतात आणि पडद्यामागे पाणी साठून थोडे कमी ऐकू येणे हे हुबेहूब ‘लक्ष नसण्या’सारखे दिसते. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही तपासणी होते. डोळे तपासा. झोपेत घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, हे पाहा. ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) किंवा टॉन्सिल वाढून झोप तुटत असेल तर मूल दिवसा पेंगण्याऐवजी उलट अधिक चिडचिडे आणि अस्वस्थ होते. हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइड यांविषयी बालरोगतज्ज्ञ सांगतीलच. गरोदरपणात आईच्या पोटातून मद्य गेले असेल तर त्याचा मुलाच्या लक्षावर आणि आवेगांवर कायमचा परिणाम राहू शकतो. ती माहिती तुम्हांला मिळणार नाही, पण वाढीच्या नोंदी आणि चेहऱ्याची ठेवण पाहून डॉक्टर त्याचा विचार करू शकतात. तसे करण्यास त्यांना सांगा.

रागावल्यावर नजर कोरी होते, असे तुम्ही लिहिले आहे. इथे जरा थांबावे लागेल. अपस्माराचा एक सौम्य प्रकार असतो, ज्यात मूल काही सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा काही झालेच नाही असे वागू लागते. तसे असेल तर ते केवळ रागावल्यावर होणार नाही. जेवताना, खेळताना, बोलता बोलता मध्येच, कधीही होईल, आणि तेव्हा ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, काढावा लागेल. उलट कोणी आवाज चढवला की तेवढ्यापुरतेच आणि बराच वेळ होत असेल, तर ती भीतीची प्रतिक्रिया असण्याचा संभव मोठा आहे. जे मूल फार लवकर शिकते की रडून कोणी येत नाही, ते रडणे सोडून आत मिटून जाते. त्याला उद्धटपणा समजून आपण आवाज आणखी चढवतो आणि ते आणखी मिटते. ही घटना केव्हा होते आणि किती वेळ टिकते, याची नोंद दोन आठवडे ठेवा. जमल्यास मोबाइलवर चित्रीकरण करा, पण त्याला दिसेल किंवा लाजिरवाणे वाटेल असे नको.

आता तुमच्याकडे जमलेल्या नावांकडे वळते.

एडीएचडीचे निदान करताना लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, त्यांतील काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात आणि घर व शाळा अशा निदान दोन ठिकाणी ती आढळावी लागतात. त्यासाठी पालकांनी आणि शिक्षकांनी भरायच्या प्रश्नावल्या असतात. पंधरा मिनिटांत हे सगळे झाले असेल असे मला वाटत नाही. म्हणून ते निदान खोटे ठरत नाही, पण ते सिद्धही होत नाही. सतत सावध राहणारे मूल आणि लक्ष न लागणारे मूल वर्गात बाहेरून सारखेच दिसते. पहिले मूल दार वाजले की वळते, कोण उठले, कोण ओरडले, बाई कोणाकडे पाहत आहेत हे टिपत असते आणि त्यात फळ्यावरचे राहून जाते. घरी, तुम्ही दोघेच असताना, आवडीच्या कामात तो किती वेळ रमतो? एखाद्या ओळखीच्या, शांत शिक्षिकेच्या तासाला कसा बसतो? या प्रश्नांच्या उत्तरांतून तपासणाऱ्याला फरक ओळखण्यास मदत होईल. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात, हेही ध्यानात ठेवा.

‘रिॲक्टिव्ह अटॅचमेंट डिसऑर्डर’विषयी तुम्ही जे वाचले ते कुठे वाचले हे मला माहीत नाही, पण या नावाखाली खोटे बोलणे, चोरी, क्रूरपणा अशा याद्या फिरत असतात. अधिकृत निकषांत त्या नाहीत. या दुर्मीळ विकाराचा गाभा असा, की मूल दुःखात असताना कोणाही मोठ्या माणसाकडे आधारासाठी जात नाही आणि कोणी आधार दिला तरी त्याला प्रतिसाद देत नाही. तुमचा मुलगा वाईट स्वप्न पडले की तुमच्याच कुशीत येतो. ताई, हे वाक्य डॉक्टरांपुढे सर्वांत आधी सांगा. कोणावर विसंबावे हे त्याला कळलेले आहे, याचा तो मोठा पुरावा आहे.

अनोळखी माणसाबरोबर निघून जाणे हे मात्र निराळे लक्षण आहे. पूर्वी ते याच विकाराचा एक प्रकार मानत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. अनेक मावश्यांच्या हातून वाढलेल्या मुलांमध्ये ते चांगल्या घरात आल्यावरही बराच काळ टिकू शकते. त्याचा अर्थ त्याचे तुमच्यावर प्रेम नाही असा होत नाही. प्रत्यक्षात मात्र त्यात धोका असतो, म्हणून ‘आईला किंवा बाबांना विचारल्याशिवाय कोणाबरोबर फाटकाबाहेर जायचे नाही’ हा एकच नियम रोज, न रागावता, सराव करून शिकवा आणि सोसायटीच्या सुरक्षारक्षकांनाही सांगून ठेवा.

ऑटिझमची शंका तपासावी. त्यासाठी खेळ, कल्पना करणे, इतर मुलांशी देवाणघेवाण, आवाज आणि स्पर्श सहन होणे यांचे नीट निरीक्षण लागते. ऑटिझमची चिन्हे लहानपणापासून असावी लागतात, आणि तुमच्याकडे तोच काळ नाही. पण घरी आल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांचे मोबाइलवरचे व्हिडिओ असतीलच; बारसे, पहिली दिवाळी, बागेतला झोपाळा. ते सगळे एका ठिकाणी करून न्या. निरीक्षकाला त्यातून जे दिसते ते आठवणींतून सांगता येत नाही.

रुमानियातून, मुख्यतः तिथल्या अनाथालयांतून, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या १६५ मुलांचा बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ काळ पाठपुरावा केला. संस्थेत सहा महिन्यांहून अधिक काळ काढलेल्या काही मुलांमध्ये ऑटिझमसारखी दिसणारी लक्षणे आढळली, आणि पुढे त्यांतील काहींमध्ये ती बरीच सौम्य झाली. चंचलता आणि अनोळखी माणसांशी अतिसलगी याही गोष्टी या मुलांमध्ये अधिक होत्या, आणि काहींमध्ये त्या मोठेपणीपर्यंत टिकल्या. तिथली अवस्था भयानक होती, आपल्याकडच्या प्रत्येक संस्थेला ती लावू नये. पण या अभ्यासातून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. लहानपणीच्या उपेक्षेमुळे निरनिराळ्या विकारांसारखी दिसणारी लक्षणे एकाच मुलात एकत्र येऊ शकतात, त्यामुळे वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळी नावे सुचणे यात नवल नाही. आणि मुलाचे चित्र काळाबरोबर बदलते, म्हणून आज मिळणारे निदान कायमचे समजू नये. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा तपासणी व्हावी.

एक प्रश्न तुम्हांला कोणी विचारला नसेल, तो मी विचारते. संस्थेत, शाळेत, शाळेच्या बसमध्ये किंवा आणखी कुठे त्याला कोणी मारले आहे का, त्याच्याशी कोणी वाईट स्पर्शाने वागले आहे का? तुम्ही त्याची उलटतपासणी घेऊ नका. तपासणाऱ्या तज्ज्ञाला एकट्याने, खेळाच्या माध्यमातून हे पाहण्यास सांगा. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे तो पहिलीत असताना, वागणे बिघडू लागले असे तुमच्या पत्रावरून दिसते. तेव्हा काय बदलले होते, ते आठवून लिहून ठेवा.

कोणाकडे जावे? मुख्य जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्या: विकासात्मक बालरोगतज्ज्ञ (मुलांच्या वाढीच्या आणि विकासाच्या अडचणी पाहणारे डॉक्टर) किंवा लहान मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ. चाचण्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून करून घ्या आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे सरळ विचारा. नोंदणी क्रमांक अहवालावर असतो, आणि तो विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. नुसती ‘समुपदेशक’ ही पाटी पुरेशी नाही. मुलुंडहून तुम्हांला सायन रुग्णालय गाडीने सरळ पडते. सायन, केईएम आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एका आवारात आहेत, खर्च अत्यल्प आहे, पण केसपेपर काढण्यापासून चाचणीची तारीख मिळेपर्यंत संयम लागतो. परळचे वाडिया रुग्णालय लहान मुलांचेच आहे. मुंबईतच २००१ पासून ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र काम करत आहे. तेथे वेगवेगळे तज्ज्ञ एकत्र बसून मुलाचा विचार करतात, आणि तुमच्यासारख्या गुंतागुंतीच्या प्रसंगी ही पद्धत मला सर्वांत योग्य वाटते. कुठेही गेलात तरी पहिल्या भेटीत पालकांना मुलाशिवाय बोलायला वेळ मागा. त्याच्यासमोर त्याच्या तक्रारींची यादी वाचली जाऊ नये.

चांगली तपासणी एका भेटीत होत नाही. पालकांशी बोलणे, मुलाला एकट्याने आणि खेळताना पाहणे, शाळेकडून लेखी माहिती, बुद्धिमापन आणि अभ्यासातील कौशल्यांची चाचणी, या सगळ्यांना तीन-चार भेटी लागतात. शेवटी लेखी अहवाल मागा. त्यात निदान काय एवढेच असून भागत नाही. आणखी कशाकशाचा विचार केला, ते का वगळले, काय अजून अनिश्चित आहे आणि पुन्हा केव्हा पाहायचे, हेही असावे. ज्या अहवालात इतिहासाच्या रकान्यात दत्तकाचा उल्लेख नाही किंवा केवळ दत्तकाचाच उल्लेख आहे, तो अपुरा समजा. आधीच्या तिन्ही मतांचे कागद सोबत न्या, लपवू नका. आणि मनाजोगते नाव मिळेपर्यंत दारोदार फिरू नका. दर वेळी नव्या माणसापुढे बसावे लागण्याचा या मुलाला इतरांपेक्षा अधिक त्रास होतो.

गोळीविषयी. ती बहुधा मेथिलफेनिडेट असावी. खऱ्या एडीएचडीत ते प्रभावी आणि दीर्घकाळ वापरात असलेले औषध आहे, त्याची धास्ती नको. पण त्याने भूक कमी होते. जो मुलगा पोळ्या लपवतो, त्याच्या बाबतीत ही बाब लिहून देणाऱ्या डॉक्टरांना माहीत असलीच पाहिजे. पूर्ण इतिहास घेऊन त्यांच्याकडे एकदा परत जा. कदाचित तेच तपासणी नीट करून देतील. गोळीने फरक पडला म्हणजे निदान सिद्ध झाले, असेही कोणी म्हटले तर मानू नका, कारण एडीएचडी नसलेल्या मुलांचेही लक्ष तिने वाढू शकते.

निदान हाती येईपर्यंत घरात काही बदल आजच करता येतील. लपवलेल्या अन्नाला चोरी म्हणू नका. एक डबा त्याच्या नावाचा ठेवा, त्यात बिस्किटे, चणे, फळ असे काहीतरी सदैव असू द्या, त्याला तो कधीही उघडता यावा आणि तो कधीही रिकामा राहू नये. उशीखाली काही सापडले तर ओरडा न करता फक्त शिळे झालेले बाजूला करा. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न विचारून त्याला खोटे बोलण्याच्या कोपऱ्यात ढकलू नका. ‘बिस्किटे तू घेतलीस ते मला दिसले, आता आपण चुरा झाडून काढू’ एवढे पुरते. आणि नाते जुळवण्याच्या नावाखाली मुलाला घट्ट दाबून धरणे, कोंडणे, उपाशी ठेवणे असले काही कोणी सुचवले तर तिथून तत्काळ निघा. अमेरिकेत २००० साली अशाच एका तथाकथित उपचारात दहा वर्षांच्या दत्तक मुलीचा गुदमरून मृत्यू झाला होता.

सासूबाईंना काय सांगावे? आनुवंशिकतेचा वाटा असतो हे खरे आहे. एडीएचडी पुष्कळदा घराण्यात चालत आलेला दिसतो. पण तो पोटच्या मुलांतही तसाच चालत येतो आणि तेव्हा कोणी रक्ताचा उद्धार करत नाही. त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. एवढे मात्र ठामपणे सांगा की हे वाक्य त्याच्या कानावर पुन्हा पडता कामा नये. जमल्यास त्यांना एका भेटीला सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले पुष्कळदा पटते. तुम्ही दोघेही थकला आहात हे पत्राच्या ओळीओळीत दिसते. सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे, ती पालकांसाठीही आहे.

मुलाला तपासणीला का न्यायचे, हे त्याला आधी सांगा. ‘तू असा वागतोस म्हणून’ हे शब्द नकोत. ‘तुला राग येतो, झोप मोडते, तेव्हा तुला त्रास होतो, तो कमी कसा करायचा ते आपण तिघे मिळून विचारायला चाललो आहोत, आणि मग घरी परत येणार आहोत’ असे म्हणा. परत येण्याचा उल्लेख विसरू नका. एकदा मोठ्या माणसांनी घेऊन गेल्यावर जागाच बदलली, हा त्याचा अनुभव आहे.

शाळेचे राहिले. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, म्हणून तुमची शाळा कोणत्या व्यवस्थापनाची आहे ते आधी पाहा. कोणत्याही परिस्थितीत स्वतःहून दाखल्यासाठी अर्ज करू नका. तोंडी सूचना आली तर ती लेखी मागा. मुख्याध्यापकांना एक साधे पत्र द्या. तपासणी सुरू आहे, अमुक महिन्यापर्यंत अहवाल देऊ, तोवर त्याला पुढच्या बाकावर बसवावे, सूचना एका वेळी एकच द्यावी, चिडल्यावर वर्गाबाहेर एकटे उभे करण्याऐवजी एका ठरलेल्या शिक्षिकेकडे पाठवावे, असे त्यात लिहा. शिक्षकांनी भरायची प्रश्नावली रुग्णालयातून मिळाली की तीही याच पत्राच्या संदर्भाने द्या आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या.